दोनशे बारा पावलं

नांदेड
८ फेब्रुवारी १९९९

गुरुपादप्पा,

शरणार्थ. अक्षर ओळखलं असशील. न्हाई ओळखलं तर खालची सही बघ, आणि पत्र चुलीत घालायच्या आधी हे एक पान तरी वाच. बेचाळीस वर्षांनी लिहितोय. तब्येत कशी हाय, ज्वारी कशी हाय, हे विचारायचा मला हक्क न्हाई, म्हणून विचारत न्हाई. सरळ कामाचं लिहितो.

सत्तावन साली आपण गोदावरीकाठच्या कारखान्यांच्या पट्ट्याची मोजणी केली, त्या वक्ताची तुझी वही तुझ्यापाशी हाय का? हापिसात जमा केली ती न्हाई. तुझी खाजगी, निळ्या पुठ्ठ्याची, कमरेला खोचून हिंडायचास ती. तिच्यात तेलगिरणीमागच्या नाल्याची पावलं लिहिलेली असणार. मोजणीच्या दगडापासून नाल्याच्या मधापर्यंत किती, तेवढं एक पान पाहिजे. हातानं नक्कल करून पाठवलीस तरी चालतंय.

कशाला पाहिजे ते लिहीत बसत न्हाई. घरगुती काम हाय.

मी रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. वहिदा बरी हाय. गुडघे दुखतात, जीभ दुखत न्हाई. मुलगा जुबेर बिल्डिंगची कामं घेतो. त्याची पोरगी जेबा अकरावीला हाय आणि घरात सगळ्यांना फिजिक्स शिकवून राहिली.

भूकंपात तुझं गाव गेलं ते पेपरात वाचलं. दानम्मावहिनींचं बी कळलं. त्यांच्या हातचे धपाटे मी खाल्लेत, म्हणून लई वाईट वाटलं. यायचं होतं, पण तवा रस्ते बंद होते, लष्कराच्या गाड्यांशिवाय कुणाला सोडत नव्हते. मग राहून गेलं.

तुझा पत्ता निलंग्याच्या गाडीवरच्या एका कंडक्टरनं दिला. त्याची बहीण तुमच्या नव्या गावात दिलीय.

मला मराठी लिहायला तूच शिकवलंस, तवा ह्या पत्रातल्या चुका तुझ्याच धर.

जिलानी


नांदेड
२ मार्च १९९९

गुरुपादप्पा,

तीन हप्ते झाले. पत्र रजिस्टर केलतं, पोचपावती परत आली. तिच्यावर तुझी सही हाय, 'प्पा'ची शेपटी अजून तशीच खाली ओढतोस. म्हणजे मिळालं. वाचलं बी असशील. मग एक ओळ लिहायला काय हात मोडला का?

रागावलो. खोडत न्हाई, राहू दे.

काम घरगुती हाय असं लिहिलं ते अर्धवट होतं. पुरतं सांगतो. तेलगिरणी बंद पडून जमाना झाला. कापडाची गिरणी बी तशीच पडून. आता ती सगळी जागा प्लॉट पाडून विकून राहिले. लातूरची हवा इकडं आलीय. पोरं बोर्डात आली की दुसऱ्या दिवशी चौकात फोटोसकट बॅनर, आणि त्याच्या खाली नवा क्लास. सकाळी साडेपाचला गिरणीचा भोंगा व्हायचा त्या वक्ताला आता सायकली निघतात, बायोलॉजीला. किनवट, शिरूर अनंतपाळ, कुठून कुठून पोरी येऊन राहिल्यात आणि त्यांना राहायला जागा न्हाई. तर माझ्या जुबेरनं तेलगिरणीमागं प्लॉट घेतला. तीन मजली मुलींचं होस्टेल. साठ पोरी. तळमजल्यावर आम्ही घरचे राहणार, सून लुबना मेस बघणार. जूनमध्ये चालू करायचं म्हणतो.

तो प्लॉट नाल्यात हाय.

मी बघायला गेलो त्याच दिवशी ओळखलं. कॉलम उभे राहिलेत. भूकंपानंतर गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं, म्हणून जुबेरनं मनगटाएवढी सळई घातलीय. सळई चांगलीच हाय. खालची जमीन कुणी बघितली न्हाई. गिरणीनं तीस वर्षं राख टाकून तो नाला बुजवला, पण मागं एका साली दोन दिवस पाऊस लागला तवा त्याच आवारात कमरेएवढं पाणी वाहताना मी ह्या डोळ्यांनी बघितलंय. तवा तिथं राहायला एक कुत्रं बी नव्हतं.

जुबेरला म्हणालो, इथं नाला हाय. तो म्हणाला, "अब्बा, नाला रस्त्याच्या पलीकडं. चारशे फूट लांब." आणि घरी आल्यावर भिंतीवरचा नकाशा काढून माझ्या मांडीवर ठेवला. आपलाच नकाशा. मी रिटायर झालो तवा त्यानंच फ्रेम करून आणलता. खाली कोपऱ्यात छापलंय, चित्रण: शेख जिलानी.

मी म्हणालो, "नकाशा चुकलाय."

"मग फ्रेम कशाला करू दिली?"

इंजिनिअरपाशी तोच नकाशा, पालिकेत तोच, बँकेत तोच. मी म्हातारा एकटा बोंबलतोय की नाला इथं हाय, आणि सगळे माझीच सही दाखवून मला गप करतात. नेमका कुठून जातो विचारलं तर मला दाखवता येत न्हाई. भिंती पडल्या, रस्ते झाले, राखेनं सगळं सपाट केलं. चाळीस वर्षं नकाशाच बघून बघून आता मला बी नाला नकाशातल्यासारखाच दिसतो. तू पायांनी हिंडलास त्याच्यातून. तुला ठाऊक असणार.

मोजणीचा दगड तेवढा जागेवर हाय. त्याच्यावर एकजण पंक्चर काढतो.

स्लॅब मे महिन्यात पडणार. गुरुपादप्पा, पान पाठव.

जिलानी


नांदेड
२६ मार्च १९९९

गुरुपादप्पा,

कार्ड मिळालं. अख्ख्या कार्डावर तीन ओळी. 'वही ढिगाऱ्यात गेली. दगडापासून वडाच्या दिशेनं दोनशे बारा पावलं. माझी, तुझी न्हाई.'

वहिदानं वाचलं आणि म्हणाली, हा माणूस तुमच्यावर चिडलेला हाय. मी म्हणालो, चिडलेला असता तर आकडा कशाला दिला असता. ती म्हणाली, चिडलेलाच माणूस आकडा ध्यानात ठेवतो.

तुझी पावलं. मला आठवतंय, साहेबानं आपल्याला गिरणीच्या मैदानात चालवून पावलं तपासलती. माझी साखळीला तेवीस बसली, तुझी सत्तावीस. सगळे हसले, तुला कोंबडा म्हणाले. सासष्ट फुटांत सत्तावीस. दोनशे बाराचे पाचशे अठरा फूट झाले. वड पाडलाय, पण त्याचा पार हाय, त्याच्यावर आता शनीचं देऊळ हाय. टेपचं एक टोक पंक्चरवाल्याला धरायला लावलं आणि सरळ रेघेत गेलो. पाचशे अठरा फुटांवर जुबेरच्या बिल्डिंगच्या मधोमध, जिथं लुबनाचं स्वैपाकघर येणार तिथं, जाऊन उभा राहिलो.

दोन गडी लावून खड्डा केला. जुबेर कमरेवर हात ठेवून बघत होता. सहा फूट राख निघाली. मग काळी चिकणमाती हातभर. मग वाळू, गोटे, शिंपले. जेबानं शिंपला धुऊन बापापुढं धरला.

मला वाटलं, जितलो. इंजिनिअरला बोलावलं. तो खड्ड्यात वाकला, वर आला, हात झटकले. "असेल बाबा कधी काळी. रेकॉर्डला न्हाई ना. नकाशात नाला तिकडं असताना मी इथं कसा दाखवू?" आणि जुबेर म्हणाला, आपण जोतं दीड फूट वर उचलू. दीड फूट. कमरेएवढं पाणी म्हणजे किती फूट हे त्याला मी बोटानं दाखवलं. तो म्हणाला, "अब्बा, तुम्हाला ह्या वयात काहीतरी करायला पाहिजे म्हणून करून राहिलात."

मला असा राग आला की चहा तसाच टाकून उठलो. पोटचा पोरगा. आणि खरं सांगू का, राग त्याच्यावर कमी होता.

नकाशा कसा चुकला हे त्यानं विचारलं न्हाई. तू बी कार्डावर विचारलं न्हाईस. तुला विचारायची गरज न्हाई.

गोदावरीकाठी जानेवारीचं धुकं पडायचं. आपण मोजणीचं टेबल मांडायचो आणि कापडगिरणीची चिमणी धरून त्याच्यावरचा कागद दिशेला लावून घ्यायचो. धुक्यात चिमणी दिसायची न्हाई, तिचा धूर तेवढा वर दिसायचा, म्हणून सगळे म्हणायचे धूर धरा. सतरा जानेवारीला कापडगिरणीचा बॉयलर दुरुस्तीला होता. धूर एकच होता, आणि तो तेलगिरणीचा. मी तो धरला. तू झेंडी घेऊन नाल्यात होतास. कागद वाकडा बसला आणि त्या दिवशी काढलेला सगळा नाला वाकड्या कागदावर बसला.

एवढंच झालं. कुणाच्याही हातनं झालं असतं.

जिलानी


नांदेड
२१ एप्रिल १९९९

गुरुपादप्पा,

'एवढंच झालं' लिहिलं ते खोटं हाय. पोष्टात टाकून परत येताना रस्त्यातच कळलं. आता सगळं लिहितो, कारण न लिहून भागत न्हाई.

मी ठरवलं, हापिसात जाऊन सरळ सांगून टाकावं. चूक माझी, लिहून घ्या, नकाशा दुरुस्त करा. शेरवानी घातली. रेकॉर्डला पंचशीला नावाच्या बाई हायत, कामाला एकदम चोख. त्यांनी धूळ झटकून मोजणीची मूळ वही काढली. पुसून माझ्यापुढं ठेवली.

"सतरा जानेवारीला टेबलावर कोण होतं?"

"मी."

"इथं तर गुरुपादप्पा लिहिलंय."

"लिहिलं त्यानं. टेबलावर मी होतो."

"बाबा, अख्खी वही त्यांच्या हातची हाय. रोजच्या पानाखाली त्यांची सही. तुमचं नाव कुठंच न्हाई. तुम्ही नकाशा नंतर हापिसात बसून काढला, एवढंच दिसतंय."

मी म्हणालो, बाई, त्या साली हुकूम आलता की वह्या उर्दूत चालणार न्हाईत. मला उर्दूशिवाय लिहिता येत नव्हतं. म्हणून दोघांची वही गुरुपादप्पा लिहायचा आणि लिहिणारा म्हणून खाली सही करायचा. मी बाजूला बसून बाराखडी गिरवायचो. बाईंनी ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि मग हळूच विचारलं, "मुलाचं बांधकाम अडवायचंय का? घरात काही वाटणीचं हाय का?"

म्हणजे आता बघ. मी खोटं बोललो तवा सगळ्यांनी ऐकलं. खरं बोलतोय तर वहीच म्हणती तुझा काय संबंध.

त्या सतरा जानेवारीला संध्याकाळी तू टेबलापाशी आलास. पाय चिखलानं भरलेले. कागद बघून म्हणालास, "जिलानी, नाला लई सरकलाय. मी पावलं मोजलीत, उद्या परत लावू." मी म्हणालो, उद्या मला सुटी हाय. वीस तारखेला लातूरला माझा निकाह होता. परत लावायचं म्हणजे सुटी गेली. तू म्हणालास, बरं, तू जाऊन ये, आल्यावर बघू. मी आलो, आणि बघितलं न्हाई. नकाशाच्या शेजारच्या शीटला काठ जोडायची वेळ आली तवा नाल्याची दोन टोकं जुळेनात. चारशे फुटांचा फरक. मी रबरानं खोडलं आणि नाल्याला एक वळण देऊन टोकं जुळवून टाकली. छान गोल वळण. असं वळण त्या नाल्याला कधीच नव्हतं. पुढं छापलं बी तसंच.

मोठ्या साहेबाला वळण खटकलं. रबरानं खोडलेलं दिसत होतं. त्यानं विचारलं, हा दिवस कुणाचा? मी तुझं नाव घेतलं न्हाई, गुरुपादप्पा. मी एवढंच म्हणालो, वहीत असेल साहेब. साहेबानं वही उघडली. तू माझ्याकडं बघितलंस, मी पेन्सिल तासत होतो. तुला सफाई द्यायला तोंड होतं, तू बोलला न्हाईस. का न्हाई बोललास ते मी आजवर विचारलं न्हाई. शीट तशीच राहिली आणि तुला किनवटच्या रानात पाठवलं. दोन वर्षं. तापानं अर्धा होऊन आलास, आणि नोकरी सोडून गावाकडं गेलास. मला पुढच्याच साली बढती मिळाली.

आणि रस्ते बंद नव्हते. भूकंपानंतर बाराव्या-तेराव्या दिवशी मी निलंग्यापर्यंत आलतो. वहिदानं दोन ब्लँकेटं आणि तांदूळ बांधून दिलता. तुझ्या गावाकडं जाणारा ट्रक स्टँडवर समोर उभा होता, ड्रायव्हर म्हणाला चला चाचा, बसा. मी गठुडं ट्रकात ठेवलं आणि नांदेडची गाडी धरली. घरी सांगितलं भेट झाली. पाच वर्षं वहिदा तुझी ख्यालीखुशाली विचारती आणि मी मनानं रचून सांगतो. काल तिला बी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "निकाह आठ दिवस पुढं ढकलला असता तर मी काय पळून जात होते?"

पंचशीलाबाई म्हणतात, दुरुस्तीचा अर्ज ज्याच्या नावावर तो दिवस हाय त्यानंच करायचा. त्यानं लिहून दिलं की शीटवर दुरुस्तीचा शिक्का बसतो, आणि त्या पट्ट्यातली बांधकामं फेरमोजणी होईपर्यंत थांबतात. म्हणून सोबत मसुदा पाठवतोय. त्यात लिहिलंय की त्या दिवशी टेबलावर तू नव्हतास, मी होतो. सही करून पाठव.

फक्त बाई म्हणाल्या, असा कागद आला तर दोन म्हाताऱ्यांची तक्रार म्हणून चौकशी लागेल, फाइल वर जाईल, वर्ष जाईल. अर्जात 'चूक माझी' असं तू लिहिलंस तर शिक्का एका दिवसात बसतो. हे तुला नुसतं ठाऊक असावं म्हणून लिहितो. तसलं मी तुझ्याकडं मागणार न्हाई.

स्लॅब अठरा मेला हाय.

जिलानी


नांदेड
११ मे १९९९

गुरुपादप्पा,

तू केलंस काय हे?

माझा मसुदा बिनसहीचा परत पाठवलास, आणि सोबत तुझा कागद. तहसीलला जाऊन, शिक्का मारून, साक्षीदारांसकट. 'दिनांक १७ जानेवारी १९५७ रोजी टेबल मी मांडले होते. चिमणी ओळखण्यात माझी चूक झाली. नाला नकाशात दाखविला आहे तेथे नाही.' खाली शेपटीची सही.

आणि कार्ड. मी ते इतक्यांदा वाचलं की आता पाठ झालंय. 'जिलानी, कागद स्लॅबच्या आधी दे. वेळ घालवू नको. त्या दिवसाची शिक्षा मी आधीच भोगून बसलोय, आता चूक माझी लिहायला काय जातंय. इथं आम्ही ढिगाऱ्यातून माणसं काढत होतो तवा घर कुणी बांधलं हे कुणी विचारत नव्हतं. दानम्मा सात तास जित्ती होती.'

सात तास. मला ठाऊक नव्हतं.

मी हा कागद देणार न्हाई. एकदा तुझ्या सहीआड लपलो, आता परत लपू? तेही तुझ्याच हातनं? जुबेरला मी अजून एकदा सांगून बघतो. काल त्याच्यापुढं हात जोडले. तो लाजला, माझे हात धरले आणि म्हणाला, अब्बा, साठ पोरींचे बाप नाव नोंदवून गेलेत, आता मी कुणाला काय सांगू. दुष्ट न्हाई रे तो. त्याच्यापाशी नकाशा हाय आणि त्याच्या बापाचं नाव त्याच्यावर छापलंय, त्यानं दुसरं काय मानावं?

कागद तुला परत पाठवून राहिलो. पाकिटावर पत्ता लिहून ठेवलाय.

जिलानी


नांदेड
२७ मे १९९९

गुरुपादप्पा,

पाकीट टाकलं न्हाई. हे पत्र आणि मागचं पत्र, दोन्ही माझ्यापाशीच हायत.

सोळा तारखेला सेंटरिंगच्या फळ्या लागल्या. जेबा मला हाताला धरून घेऊन गेली, तिची खोली दाखवायला. "दादा, माझी खिडकी नदीकडं हाय." स्वैपाकघराच्या शेजारची खोली. खड्डा बुजवून वर फरशीचा थर टाकलता. ती मधोमध उभी राहून टेबल कुठं ठेवायचं ते पावलं टाकून मोजत होती. तिची पावलं तुझ्याएवढीच हायत, बारकी.

सतरा तारखेला हापीस उघडायच्या आधी मी दारात होतो. कागद दिला.

पंचशीलाबाईंनी वाचला, वहीशी सही ताडून बघितली आणि म्हणाल्या, जुळती. शिक्का त्याच दिवशी बसला. अठराला सकाळी पालिकेची माणसं आली, मिक्सर परत पाठवला. फेरमोजणीवाले परवा येऊन गेले. नाला पाचशे वीस फुटांवर निघाला. दोन फुटांचा फरक, तो बी माझ्या टेपचा असणार. पट्टा बांधकामाला बंद झाला. जुबेर आता गावठाणाकडं जुनी इमारत भाड्यानं घेऊन पोरींची सोय करतोय. सगळं त्याच्या अंगावर आलंय. माझ्याशी बोलत न्हाई. जेवायला मी बसलो की तो उठतो. नकाशा त्यानं भिंतीवरून काढून माझ्या खाटेखाली सरकवला.

पोरी वाचल्या म्हणून मला आनंद व्हायला पाहिजे. होतो बी. पण हापिसातनं बाहेर पडलो तवा पायरीवर बसून राहिलो, चप्पल घालायचं सुचेना. बेचाळीस वर्षांत दोनदा तुझं नाव दिलं, आणि दोन्ही वेळा मी सुटलो. एप्रिलच्या पत्रात तो दुसरा रस्ता 'नुसता ठाऊक असावा' म्हणून लिहिला ना, तो का लिहिला हे मला तवाच ठाऊक होतं. तुला बी कळलं असणार. तू माणूस कसा हायस हे मला सत्तावनपासून ठाऊक हाय, म्हणूनच लिहिला.

एक केलंय. जुबेरला खाली बसवून सगळं सांगितलं, बाराखडीपासून पेन्सिलीपर्यंत. तो ऐकत होता, मान वर केली न्हाई. शेवटी एवढंच म्हणाला, "त्यांना भेटलात का?" आणि मी माझा खरा जबाब लिहून पंचशीलाबाईंना दिलाय. त्या म्हणाल्या, फाइलीत मागं लावून ठेवते, पण कुणी वाचेल असं सांगत न्हाई.

त्यांनी एक पावती दिली. दुरुस्तीच्या शिक्क्याची. तिच्यावर रकाना हाय, चूक करणाऱ्याचे नाव. तिथं तुझं नाव टाईप केलंय. ती पावती तुझी हाय, नियमानं तुला मिळायला पाहिजे. पोष्टानं पाठवायची माझी छाती होत न्हाई. म्हणून घेऊन निघालोय. वहिदानं धपाटे बांधून दिलेत, म्हणाली ह्या वेळी गठुडं एकटं ट्रकात चढवू नका.

हे पुढचं एस्टीत लिहितोय म्हणून अक्षर हलतंय. मागचं पत्र बी सोबत हाय, दोन्ही हातात देईन.

गाडीत बसायच्या आधी खाटेखालची पेटी उघडून निलंग्याकडची शीट काढली, स्टँडवरून तुझं गाव किती लांब ते बघायला. शीटवर तुझं जुनं गाव हाय, विहिरीसकट, मारुतीच्या देवळासकट. नवं गाव न्हाईच. तिथं नुसतं कोरं माळरान दाखवलंय.

निलंग्याला उतरून विचारत विचारत येतो. दार लावून घेतलंस तर बाहेर बसेन.

जिलानी